नीलिमाची कॉफी आणि मामाजींचा निकाल

मेडशीत कॉफी पिणाऱ्या बाईला लोक काय म्हणत असतील, याची फिकीर नीलिमाने कधी केली नाही. उपकेंद्रावरची नर्स ती. सकाळी आठला स्कूटी काढणारी, गरोदर बायकांना दम देऊन समोर गोळ्या गिळायला लावणारी. तिला तोंडावर बोलायची हिंमत गावात फारशी कुणाला नव्हती. आणि खरं सांगायचं तर गावाला तिची कॉफी कळलीच नव्हती. आपल्याकडे कॉफी दोनच प्रकारची. एक डोकं दुखलं की पुडीतली पावडर दुधात उकळून, वर जायफळ किसून घ्यायची ती. दुसरी हिवाळ्यातल्या रिसेप्शनला मशीनवाला फेस काढून देतो आणि वरून चॉकलेटची पावडर भुरभुरतो ती. दोन्ही गोड, दोन्ही गरम. त्यात कॉफी किती, हे विचारायचं नसतं.

नीलिमाही वाशीमला तेच पिऊन वाढली. खरी कॉफी तिला भेटली नागपूरला, नर्सिंगच्या शिक्षणात. तिथल्या मेट्रन केरळच्या होत्या, भारी तापट. वॉर्डात पहिल्यांदा माणूस मरताना पाहून नीलिमा जिन्यात बसून रडत होती, तेव्हा त्यांनी तिला हाताला धरून आपल्या खोलीत नेलं. धीराचा एक शब्द बोलल्या नाहीत. स्टीलच्या दोन मजली भांड्यात पावडर दाबली, वरून उकळतं पाणी ओतलं आणि म्हणाल्या, "आता थांब." खालच्या भांड्यात अर्क थेंबाथेंबाने उतरत होता. त्याची वाट पाहता पाहता तिचं रडं कधी थांबलं, तिलाच समजलं नाही. पहिला घोट तिला मुळीच आवडला नाही. तिसऱ्या घोटाला मात्र ती पेल्यात पाहायला लागली. पुढची तीन वर्षं काही ना काही कारण काढून ती त्या खोलीत जात राहिली. निघताना मेट्रननी जुनं भांडं तिच्या पिशवीत टाकलं आणि पाठ फिरवली, कारण रडणं त्यांना चालत नसे.

लग्न होऊन नीलिमा मेडशीला आली तेव्हा ते भांडं संसाराच्या भांड्यांसोबत आलं. सासूबाई वच्छलाबाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि वरच्या मजल्यात मोहरी, खालच्यात जिरं भरून फळीवर ठेवून दिलं. नव्या सुनेने आठ दिवस कळ काढली. नवव्या दिवशी मोहरी-जिरं डब्यात गेलं. नवरा धम्मरत्न शेलूबाजारच्या शाळेत मास्तर होता, चहाचा माणूस. बायकोच्या कॉफीच्या भानगडीत तो पडला नाही, आणि त्यातच त्याचं शहाणपण होतं.

पडले ते तिचे सासरे, ग्यानबा. तीन एकरांचे धनी, सोयाबीन आणि तूर. माणूस कमी बोलायचा, पण त्याची जीभ आणि दाढ गावात नावाजलेली होती. सोयाबीनचा दाणा दाढेखाली धरून हलकेच दाबायचा आणि सांगायचा, अजून दोन उन्हं दे, किंवा भर आता पोत्यात. बाजारात ओल मोजायचं मशीन आलं, तरी लोक आधी ओंजळभर दाणे घेऊन ग्यानबांच्या ओट्यावर यायचे. मशीन चुकलं तर भांडायला जागा नसते, ग्यानबा चुकला तर निदान त्याला चार गोष्टी ऐकवता येतील, असा त्यातला हिशेब. ऐकवायची वेळ मात्र कधी आली नाही.

नीलिमाची कॉफी त्यांनी पहिल्यांदा बशीत ओतून प्यायली आणि विचारलं, "हे औषध हाये का?"

"नाई मामाजी, कॉफी हाये."

"बरं," म्हणाले, आणि बशी पुसल्यासारखी रिकामी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर बसून ते चुलीकडे पाहत राहिले. वच्छलाबाईंनी चहा पुढे केला तर म्हणाले, "थांब जरासाक. थे कडू येऊन राह्यलं."

तेव्हापासून त्या घरात सकाळी दोन पंगती बसू लागल्या. एक चहाची, एक कॉफीची. कॉफीच्या पंगतीत दोनच माणसं, आणि त्यातला एक परीक्षक. ग्यानबा पहिला घोट तोंडात धरायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे. "आज पानी जास्त झालं." "आज दूध जुनं हाये." एकदा म्हणाले, "आज तुहं ध्यान नव्हतं." त्या दिवशी उपकेंद्रावर एक बाळ दगावल्याचा फोन पहाटेच आला होता. नीलिमा साऱ्या गावाला बोलायची, पण या माणसाचं बोलणं ती मुकाट्याने ऐकून घ्यायची, कारण त्याने सांगितलेलं दर वेळी खरं निघायचं. चांगली झाली तर ते काहीच म्हणायचे नाहीत. बशी नुसती पुढे करायचे. 'बेस झाली' हे दोन शब्द त्यांच्या तोंडून इतक्या वर्षांत तिने ऐकले नव्हते. वच्छलाबाईंनीही ऐकले नव्हते, आणि त्यांनी तर चाळीस वर्षं रांधून घातलं होतं.

मग एका दिवाळीच्या सुटीत सगळे चिखलदऱ्याला गेले. तिथे कॉफीची झाडं पाहून ग्यानबा थबकले. आपल्या विदर्भात ही पिकते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. नीलिमाने एका दुकानातून कच्च्या बिया घेतल्या, हिरवट-करड्या, वासाला गवतासारख्या. घरी आल्यावर अंगणातल्या चुलीवर लोखंडी कढईत भाजायला घेतल्या. धूर झाला, वच्छलाबाई खोकल्या, शेजारीण डोकावून गेली. ग्यानबांनी एक बी उचलली, दाढेखाली धरली आणि थुंकली.

"आतून कच्ची हाये. दाताले चिपकते."

दुसरा घाणा काळा पडला. "जयली," ते म्हणाले, आणि उठून तिच्या शेजारी पाटावर येऊन बसले. "तू डोयानं भाजून राह्यली. कानानं भाज. शेंगा भाजतो का नाई आपुन? तडतड आयकू आली का जाय कमी कर. अन् कढईत ठिऊ नको, सुपात घे, पाखड. कढई उतरवली तरी थे आतल्या आत भाजतच राह्यते."

तिसरा घाणा सुपात पडला. त्यांनी बी चावली. कट् असा आवाज झाला. त्यांनी दुसरी उचलली.

त्यानंतर दर रविवारी सून भाजायची आणि सासरा चावायचा. मेडशीसारख्या गावात, बाबासाहेबांची तसबीर असलेल्या ओट्यावर, एक नर्स आणि एक शेतकरी कॉफीवर तासभर वाद घालतात, हे कुणाला सांगून पटलं नसतं. नीलिमाला ते कुणाला सांगायचंही नव्हतं. आठवड्यातला तेवढा तास ती कुणाची नर्स नसायची.

गेल्या वर्षी सोयाबीन निघालं आणि ग्यानबा शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच, पडले. उजवं अंग गेलं. वाशीमच्या दवाखान्यात सतरा दिवस काढून घरी आले ते नाकात नळी घेऊन. बोलणं जवळजवळ संपलं होतं. समजत सगळं होतं, आणि तेच वाईट होतं. डॉक्टरांनी नीलिमाला बाजूला घेऊन सांगितलं ते तिला आधीच ठाऊक होतं. गिळण्याचे स्नायू गेलेत. पातळ काही तोंडाने दिलं तर ते अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरेल. पाणीसुद्धा नाही.

आता हे गावाला समजावून सांगा. आपल्याकडे आजाऱ्याला पाहायला येणारा माणूस रिकाम्या हाताने येत नाही आणि त्याच्या तोंडात आपल्या हाताने काही घातल्याशिवाय जात नाही. घोटभर दूध, मोसंबीचा रस, निदान चमचाभर पाणी. नळीतून पोटात गेलेलं कुणाच्या खिजगणतीत नसतं. तोंडात गेलं तर खाल्लं. नीलिमा ड्यूटीवर जाताना दाराला कागद चिकटवून जायची, 'तोंडाने काही देऊ नये.' लोक तो वाचायचे, हळहळायचे आणि आत येऊन चमचा मागायचे.

एका दुपारी ग्यानबांची बहीण गोजराबाई आली. भाऊ तिच्या हातातल्या कपाकडे पाहत होता. तिने बशीत चहा ओतला, फुंकर मारून गार केला आणि चमच्या-चमच्याने पाजला. प्रेमाने पाजला, त्यात काही खोट नव्हती. संध्याकाळी खोकला लागला, रात्रीतून ताप चढला, आणि छातीत कफ होऊन ग्यानबा पुन्हा नऊ दिवस वाशीमला.

नीलिमा गोजराबाईंना बोलायला गेली होती. चांगलं कडक बोलायचं ठरवून गेली होती. म्हातारी भिंतीकडे तोंड करून बसली होती. "मायाच हातानं झालं व बाई," एवढंच ती म्हणाली. नीलिमा तिच्याजवळ थोडा वेळ बसली आणि परत आली.

त्यानंतर कुणी चमचा मागितला नाही. पण वच्छलाबाई एकदा भाकरी थापता थापता म्हणाल्या, "तू म्हणशीन थे बरोबरच असन. पर त्याचं तोंड कोरडं ठिऊन त्याले जगवून राह्यली तू, मले पाहवत नाई." नीलिमाकडे याला उत्तर होतं, वैद्यकीय, बिनचूक. तिने ते दिलं नाही.

ग्यानबा रोज सकाळी डावा हात वर करायचे. अंगठा आणि बोट जुळवून दाढेपाशी न्यायचे. सगळ्या घराला ती खूण कळत होती. नीलिमाने अंगणात भाजणं बंद केलं, वास त्यांच्यापर्यंत जायला नको म्हणून. मग स्वतः पिणंही बंद केलं. उपकेंद्रावर ती आशाताईंचा गुळाचा चहा पिऊ लागली. त्याची चव कशी होती, ते कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं.

होळीच्या सुमाराला नळी निघाली. डॉक्टर म्हणाले, "दाट द्या. चमच्यातून ओघळणार नाही इतकं दाट. हनुवटी खाली ठेवून, एकेक चमचा." खिमटी झाली, घट्ट वरण झालं. चौथ्या दिवशी डावा हात पुन्हा दाढेपाशी गेला. आता तिच्याकडे नाही म्हणायला कारण उरलं नव्हतं. कॉफी दाट केली की झालं.

तिने रविवारी पुन्हा कढई चढवली. कानाने भाजली, सुपात पाखडली, वाटली, अर्क उतरवला. इतकी नीट कॉफी तिने कितीक महिन्यांत केली नव्हती. आणि मग त्यात तांदळाचं पीठ कालवून शिजवलं. राखेच्या रंगाची लापशी झाली. तिने बोटाने चाटून पाहिली आणि मोरीत ओतली. दुसऱ्यांदा आरारूट घातलं. बुळबुळीत झालं, वास दबला, नुसता कडवटपणा जिभेला चिकटून राहिला. तेही ओतलं. तिसऱ्यांदा पीठ कमी करून पाहिलं तर चमच्यातून धार लागली. ती धार पाहत ती कितीतरी वेळ उभी होती. हीच कॉफी चांगली होती. चमचाभरच तर होती.

धम्मरत्न दारात येऊन उभा राहिला. "देऊन पाह्य ना थोडीशी," तो हळूच म्हणाला.

"तुमी देता का?" तिने विचारलं. तो खाली पाहू लागला.

तिने पुन्हा आरारूट घातलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं तितकं दाट केलं आणि वाटी घेऊन मामाजींच्या खाटेपाशी बसली. उशा लावून त्यांना बसतं केलं, हनुवटी खाली केली. चमचा पुढे नेताना तिला त्यांच्यापुढे लाज वाटत होती. दुसऱ्या कुणापुढे हे ठेवायला तिला काही वाटलं नसतं. या माणसापुढे ठेवायचं म्हणजे त्याच्या जिभेचा अपमान होता, आणि तो तीच करत होती.

ग्यानबांनी घास तोंडात धरला. नेहमीसारखे डोळे मिटले. गळ्याची घाटी एकदा वर गेली, अडली, मग खाली आली. नीलिमाने त्यांच्या छातीकडे पाहिलं. खोकला आला नाही. आता ते थुंकतील, मान फिरवतील, निदान कपाळाला आठी घालतील, याची ती वाट पाहत होती. खरं तर तिला तेच हवं होतं. कच्ची म्हणा, जयली म्हणा, काहीही म्हणा, पण खरं म्हणा.

त्यांनी डोळे उघडले. वाटीकडे पाहिलं नाही, तिच्या तोंडाकडे पाहिलं. वाकड्या ओठातून शब्द काढायला त्यांना फार कष्ट पडले.

"बे...स," ते म्हणाले. "बेस झाली."

पलीकडे बसलेल्या वच्छलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. त्यांना आनंद झाला होता. नीलिमाने मान हलवली. त्यांची चव गेली होती, की तिच्याकडे पाहून ते खोटं बोलले होते, हे तिला विचारता येण्यासारखं नव्हतं, आणि दोन्हींतलं कुठलंही उत्तर तिला सोसलं नसतं. ग्यानबांनी तोंड उघडलं आणि हनुवटी आपणहून खाली घेतली. तिने चमचा भरला.