सोडतीतली सायकल

नातू सायकल उलटी करून चाक गरगर फिरवतो. त्याची टिकटिक ऐकली की मी वडगावात पोचते, नवी सून होते.

तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. गल्लीसाठी विहीर खणायची म्हणून पंचांनी लॉटरी काढलेली. बक्षीस, नवीकोरी सायकल! देवळासमोर चिठ्ठी उघडली आणि नाव निघालं माझ्या सासूबाईंचं. लुगडं नेसून सायकल कोण चालवणार? सगळी विणकर गल्ली पोट धरून हसली. मीसुद्धा, तोंडाला पदर लावून. आमच्या ह्यांनी तर लगेच टांग टाकली.

"उतर रं खाली," सासूबाई म्हणाल्या. "लॉटरी मला लागल्या."

त्यांनी सायकल अंगणात उलटी ठेवली, मागचं टायर काढलं आणि चाकावरून दोरी घेऊन सूत भरायच्या रहाटाच्या चातीला, त्या गरगरणाऱ्या लोखंडी सळईला, जोडली. मी हातानं पायडल फिरवलं, सासूबाईंनी सूत धरलं. मागासाठी लागणारी सुताची कांडी बघता बघता भरली!

"बघितलंस गं? लई झ्याक!"

संध्याकाळपर्यंत हसणाऱ्या सगळ्या बाया कांड्या घेऊन आमच्या दारात.

विहिरीला पाणी लागलं. सायकल मात्र कधी रस्त्यावर गेली नाही. आपल्याला काय लागलंय, हे गल्लीत सासूबाईंना एकट्यांनाच कळलं होतं.

नातवाचं चाक अजून फिरतंय. माझा हात सूत धरायला पुढं झालाय.