खिशावरची भोकं

जुने कपडे घ्यायचे तर मालनला बरोबर न्यायचं, हे घाटकोपरच्या त्या चाळीत ठरूनच गेलं होतं. बोहारणींनी भांड्यांच्या बदल्यात गोळा केलेल्या कपड्यांचे ढीग दर रविवारी मागच्या गल्लीत लागत आणि मालन त्यात कोपरापर्यंत हात घाली. काख नाकाला लाव, चेन चारदा वरखाली कर, कापड उन्हात धर. "वरून काय बघतेस गं, आतली शिवण बघ!" असं ती शेजारच्या शकुवर खेकसायची. तिला येताना पाहून विकणाऱ्यांची तोंडं वाकडी होत. मसाल्याच्या कारखान्यात दिवसभर पाकिटं भरणाऱ्या बाईचा तेवढाच एक तोरा होता, आणि तो तिला शोभायचा.

मग लेकीला, रुचिराला, अंधेरीच्या एका ऑफिसात नोकरी लागली. घरातली पहिलीच खुर्चीवरची नोकरी! मालनने तीन रविवार ढीग उपसून एक राखाडी ब्लेझर शोधला. कापड दणकट, अस्तर शाबूत, घामाचा वास नाही. डाव्या खिशावर तेवढी सुईची बारीक भोकं होती, एका ओळीत. ती मालनला दिसली. तिने पाण्याचा हबका मारून इस्त्री फिरवली, भोकं मिटली, आणि बाई स्वतःवरच खूश झाली.

"झकास दिसतेस," तिने पहिल्या दिवशी लेकीला सांगितलं. डोळे भरून आले होते, ते पदराने टिपले.

संध्याकाळी रुचिरा आली ती ब्लेझर पिशवीत कोंबून.

"काय झालं? उसवला?"

"नाही."

"मग काढलास कशाला?"

"आई, तिथे साफसफाईच्या बायका हाच घालतात. हाच रंग, हीच कॉलर. खिशावर नाव शिवलेलं असतं."

कापडातलं मालनला सगळं कळत होतं. पण ऑफिसात कोण काय घालतं, हे तिला कोण सांगणार होतं? काचेच्या दाराआड ती जन्मात कधी गेली नव्हती. आणि भोकं तर तिने स्वतःच्या हाताने मिटवली होती.

"कुणी काही बोललं?"

"मीटिंगमध्ये चहा सांडला. एक साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, जरा पुसून घ्या."

"मग सांगितलंस ना, मी इथे नोकरीला लागलेय म्हणून?"

रुचिराने पिशवीची गाठ सोडली, पुन्हा बांधली.

"सगळे बघत होते गं. मी पुसलं."

त्या रात्री दोघी जेवल्या, पण एकमेकींकडे न बघता. दुसऱ्या दिवसापासून रुचिरा कॉलेजातलाच कुर्ता घालून जाऊ लागली.

रविवारी शकु पिशवी घेऊन दारात उभी राहिली. "चल ना मालन, पोरीला लग्नात घालायला ड्रेस बघायचाय."

"तुझी तू जा," मालन म्हणाली. "मला नाही त्यातलं काही कळत."