चार किलो दही आणि दोन इंग्रज

आमच्या संसारात एकूण पाच माणसं आहेत: मी, माझा नवरा मिलिंद, आमची मुलगी तन्वी आणि इंग्लंडमधले दोन गृहस्थ. पैकी त्या दोन गृहस्थांना ही गोष्ट अजून कुणी कळवलेली नाही.

हे दोघे गाणी करतात. गिटार नाही, ढोल नाही, नुसती यंत्रं! एक पुढे उभा राहून गातो आणि दुसरा मागे उभा राहून, अजिबात न हसता, बटणं दाबतो. गेली चाळीसहून जास्त वर्षं त्यांचं हेच चाललंय. (त्यांच्या बँडचं नाव मी लिहीत नाही. मी ते उच्चारलं की मिलिंद डोळे मिटून घेतो.) त्यांचं चरित्र मिलिंद पोथी वाचावी तसं सांगतो. पहिल्या अध्यायात तिघं मित्र एकाच्या आईच्या स्वयंपाकघरात यंत्र मांडून बसतात आणि आई वैतागते. दुसऱ्यात जगभर नाव होतं आणि केसांचे तुरे वाढतात. तिसऱ्यात तिसरा मित्र भांडून निघून जातो. मग लोक त्यांना विसरतात, मग लोकांना त्यांची पुन्हा आठवण येते, आणि हे दोघे आपले मधल्या काळातही बटणं दाबतच असतात. लग्नानंतर मिलिंदने मला हे सगळं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी फक्त एवढंच विचारलं होतं, "त्या आईच्या स्वयंपाकघराचं पुढे काय झालं?"

पण या वेडाची सुरुवात मिलिंदची नाही, ती नंदूदादांची. नंदूदादा म्हणजे मिलिंदचे मोठे भाऊ. बोटीवर इंजिनिअर होते. पहिल्याच सफरीत इंग्लंडला बोट लागली, तेव्हा त्यांनी या तिघांचा कार्यक्रम ऐकला आणि तिथून एक पांढरा टी-शर्ट आणला. छातीवर तिघांचे काळेभोर चेहरे. तो त्यांनी धाकट्या भावाला दिला आणि म्हणाले, "एकदा आपण दोघं मिळून बघायला जाऊ." पुढे आम्ही शारजात राहायला आलो, मिलिंद दुबईच्या जबल अली बंदरातल्या गोदामात नोकरीला लागला. एकदा दादांची बोट जबल अलीलाच लागली. दोघा भावांना जेमतेम दोन तास मिळाले. त्यांनी काय केलं? गाडीत बसून, काचा वर करून, कॅसेट ऐकली! मी डब्यात दिलेली साटोरी तशीच परत आली. दादा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली, आणि ते 'एकदा' राहूनच गेलं.

म्हणून जेव्हा कळलं की हे दोघे अबू धाबीला येताहेत, आणि हा त्यांचा शेवटचा दौरा आहे (हा त्यांचा तिसरा शेवटचा दौरा), तेव्हा मिलिंद थेट स्टुलावर चढला. मग त्याने माळ्यावरची बॅग काढली, टी-शर्ट घेतला आणि बाथरूममध्ये जाऊन कडी लावली. बराच वेळ आतून कुस्ती चालल्यासारखे आवाज येत होते.

"अरे, काय झालं?"

"आत येऊ नकोस!"

बाहेर आला तो लालबुंद. म्हणाला, "शुभा, उद्यापासून माझा भात बंद. पोळी बंद. गोड तर बघायचंही नाही. मी दादाचा शर्ट घालून जाणार."

झालं! तीन महिने माझ्या घरात माणूस काकडी खाऊन जगत होता. मी पुरणपोळी केली, त्याने वास घेतला आणि उठून गेला. साबुदाणा वडे केले, तर म्हणे फिरून येतो. आता मी तुम्हाला खरं सांगते, मला राग यायचा. अठ्ठावीस वर्षं ज्या हाताचं खाऊन पोट वाढवलं, तो हात सोडून हा माणूस दोन परक्या इंग्रजांसाठी उपाशी राहत होता! शर्ट तो कुठेतरी लपवून ठेवायचा आणि दर रविवारी कडी लावून घालून बघायचा. दर रविवारी तोच कुस्तीचा आवाज.

योगायोग असा की कार्यक्रम शनिवारी आणि आमच्या मंडळाचं पाडव्याचं जेवण रविवारी. श्रीखंड माझ्याकडे. शुक्रवारी संध्याकाळी मी दही बांधून हात धुते तोच मंडळाच्या नीलाताईंचा फोन.

"शुभाताई, पानं वाढलीत हो. अबू धाबीची मंडळी पण येताहेत. श्रीखंड पुरेल ना? इन्शाल्ला?"

"इन्शाल्ला काय, नीलाताई, दही लागेल!"

खालच्या दुकानातून आणखी चार किलो दही मागवलं. दही आलं, पण बांधायला कापड? मलमलीचे दोन्ही पंचे आधीच्या दह्याला लागलेले. चष्मा सापडेना. तशीच वॉशिंग मशीनवरच्या कपाटात हात घातला, तर जुन्या चादरीच्या मागे काहीतरी हाताला लागलं. मऊ! धुऊन धुऊन साईसारखं झालेलं सुती कापड! बघते तर जुना टी-शर्ट. वर काही चित्रबित्र दिसलं नाही, नुसता करडा पांढरा. आमच्याकडे जुन्या शर्टाचं फडकं होणं यात नवीन काहीच नाही. मी तो उकळत्या पाण्यातून काढला (स्वच्छतेत माझा हात कुणी धरणार नाही), आणि तेव्हाच मला ती कल्पना सुचली. शर्ट म्हणजे शिवलेली पिशवीच की! खालून सुतळीने गच्च बांधला, गळ्यातून दही ओतलं, दोन्ही बाह्यांची गाठ मारून नळाला टांगला. इतकी वर्षं हे कुणाला कसं सुचलं नाही, असं म्हणत मी कौतुकाने झोपायला गेले.

सकाळी तन्वीची हाक आली.

"आई, व्हाय इज द योगर्ट लुकिंग ॲट मी?"

मी चष्मा लावून स्वयंपाकघरात गेले आणि भिंतीला टेकले. कोरडेपणी न दिसलेलं चित्र ओलं झाल्यावर उमटलं होतं. सिंकवर दोन इंग्रज लोंबकळत होते! दह्याने फुगलेले गाल, खाली आलेल्या हनुवट्या, आणि माझ्याकडे रोखून बघणारे डोळे. तिसऱ्याच्या जागी नुसता डाग. (बँडमधून गेला तसा शर्टातूनही तोच आधी गेला.) कॉलरच्या आत पेनाने लिहिलेलं अक्षर फुटून दिसत होतं: 'नंदू'. बोटीवर कपडे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून दादा मराठीत नाव घालायचे, हे मिलिंदनेच मला सांगितलं होतं.

भावाची एवढीच एक वस्तू त्याच्याजवळ उरली होती, आणि तिला मी दही लावलं!

"बाबा कुठे आहे?"

"मॉर्निंग वॉक. ही सेड ही विल टेक अ लाँग वन."

"यल्ला, चल लवकर, हात चालव!"

गाठोड्याच्या बुडाला आमचा लोखंडी बत्ता सुतळीने टांगलेला होता. मी तो कधी टांगला ते आठवेना, पण हल्ली मला चष्मा कुठे ठेवला तेही आठवत नाही, तेव्हा मीच टांगला असणार. चक्का मात्र असा घट्ट झाला होता की सुरीने वड्या पाडाव्यात! तो काढून ठेवला आणि शर्ट धुवायला घेतला. साबण, मग लिंबू, मग पुन्हा साबण. बाल्कनीत कपडे वाळत घालायला इथे बंदी, दिसले तर दंड. म्हणून तन्वी कठड्याच्या खाली शर्ट धरून उकिडवी बसली आणि मी वरून हेअर ड्रायर मारत राहिले. वाळला, पण आंबट वास जाईना. तेव्हा समोरच्या सुदानी शेजारणीकडे धावले. तिने काही न विचारता बखूरचं धुपाटणं पेटवून दिलं. (अरबी घरांत कपड्यांना सुवासिक धूर देतात तो हा बखूर.) त्यावर शर्ट धरला. आता त्याला लग्नघरात मठ्ठा सांडल्यासारखा वास येऊ लागला! तेवढ्यात दाराला किल्ली लागली. मी शर्ट कपाटात कोंबला आणि श्रीखंडात साखर घोटायला बसले.

दुपारी मिलिंद शर्ट घेऊन बाथरूममध्ये गेला. या वेळी कुस्तीचा आवाज आला नाही. दार उघडलं.

शर्ट बसला होता! नुसता बसला नव्हता, तर मांड्यांपर्यंत आला होता, आणि पोटावर इतका ऐसपैस की आणखी एक लहान मूल मावलं असतं.

"बाबा, इज दॅट अ कंदुरा?" तन्वीने विचारलं. कंदुरा म्हणजे इथले अरब पुरुष घालतात तो पायघोळ अंगरखा.

"डाएट!" मिलिंद आरशात बघत म्हणाला. "माणूस बारीक झाला की कपडे मोठे वाटणारच."

"पण बाबा, लेंग्थ..."

"तन्वी," मी म्हटलं, "बाबाने तीन महिने कष्ट घेतलेत."

पोरीने माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा श्रीखंड घोटायला गेले. ते घोटून कधीच झालं होतं.

अबू धाबीच्या त्या उघड्या मैदानात संध्याकाळी आमच्यासारखीच माणसं जमली होती. गुडघ्यांना पट्टे, डोक्याला टक्कल आणि अंगात तरुणपणीचे शर्ट. पण त्यांचे शर्ट कुणी धुरावर धरले नव्हते. दमट हवा, गर्दीची ऊब, त्यात मिलिंद पहिल्या गाण्यापासून उड्या मारायला लागला, आणि शर्टाने आपलं मन मोकळं केलं. शेजारचा एक लेबनानी गृहस्थ नाक वर करून इकडेतिकडे बघू लागला.

"हबीबी, यू स्मेल लबन?" लबन म्हणजे इथलं ताक.

"फूड स्टॉल, फूड स्टॉल," मिलिंद त्याला हसत म्हणाला. "व्हेरी गुड लबन!"

मी मोठ्या पडद्याकडे बघितलं, तर गायकाचा चेहरा जवळून दाखवत होते. फुगलेले गाल, खाली आलेली हनुवटी. हुबेहूब माझा सकाळचा चक्का! चाळीस वर्षांनी तो कसा दिसणार हे माझ्या नळावर आधीच दिसलं होतं. मागचा मात्र अजून हसत नव्हता.

मग त्यांनी एक संथ गाणं घेतलं. यंत्रंही जरा हळू झाली. मिलिंदने उड्या थांबवल्या. छातीवर तळवा ठेवला, नेमका कॉलरच्या खाली, आणि पडद्याकडे नाही तर वर, काळोख्या आभाळाकडे बघून म्हणाला, "दादा, आलो बघ. दोघं आलो."

मला रडू फुटलं. मला ते गाणं कळत नव्हतं, शब्दही कळत नव्हते, पण माझ्या शेजारी दोन भाऊ उभे होते एवढं मला स्पष्ट दिसत होतं. मी मिलिंदचा हात धरला. त्या क्षणी मला तीन महिन्यांच्या काकडीचा राग उरला नाही. फक्त भीती उरली की याला कळलं तर काय होईल. मी ठरवलं, हे आपल्याबरोबरच जाणार. खलास!

रविवारी मंडळात माझ्या श्रीखंडाची वाहवा झाली. "शुभाताई, असा घट्ट चक्का आयुष्यात खाल्ला नाही! कशात बांधता?" असं नीलाताईंनी विचारलं, आणि मी "मलमल" म्हणून पुरी तोंडात कोंबली. मिलिंदने डाएट सोडलं होतं. तिसरी वाटी चाटूनपुसून तो माझ्या कानाशी वाकला.

"छान झालंय. गायक जरा आंबट आहे, पण तो पूर्वीपासूनच तसा."

पुरी घशात अडकली. त्याने शांतपणे पाणी पुढे केलं.

"तुला... कधी कळलं?"

"पहाटे पाणी प्यायला उठलो, तर दादा नळाला लटकलेला! आधी वाटलं, तुला हलवून उठवावं आणि भांडावं. मग नीट बघितलं, तर शर्ट वीतभर वाढलेला. म्हटलं, मला तीन महिन्यांत जमलं नाही ते हिच्या दह्याने एका रात्रीत केलं. दादा असता तर इतका हसला असता, शुभा!" त्याचे डोळे भरून आले होते आणि तो हसतही होता.

"आणि तो बत्ता?"

"पोटापाशी जरा कमी पडेलसं वाटलं."

"म्हणजे ते लांबलचक फिरणं..."

"तुला धुवायला वेळ नको का?"

अठ्ठावीस वर्षांच्या संसारात एकदा तरी मी नवऱ्याला बेमालूम फसवलं, असं मला पुरता दीड दिवस वाटत होतं.

शर्ट आता घडी करून, धुऊनही न गेलेल्या बखूरच्या वासासकट, देवघराखालच्या कपाटात असतो. मिलिंदचं पोट पूर्ववत झालंय (त्यात माझ्या हाताचा वाटा मोठा), आणि शर्ट धुण्यात पुन्हा आटलाय. परवा त्या दोघांनी आपला चौथा शेवटचा दौरा जाहीर केला. मिलिंदने बातमी वाचली, आपल्या पोटाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"शुभा, दही किती आणू?"

"सहा किलो," मी चष्मा शोधत म्हटलं. "आणि या वेळी बत्ता मी बांधते. तुझी गाठ सैल असते."

चष्मा माझ्या डोळ्यांवरच होता.