रताळ्याच्या बागेतलं विमान

राबाउलजवळ इयाकुलापच्या रताळ्याच्या बागेत दुसऱ्या महायुद्धात कोसळलेलं एक जपानी विमान पडून होतं. तिच्या धाकट्या भावाने, टोकियालाने, ते एका परदेशी गिऱ्हाइकाला विकायचं ठरवलं. त्या पैशांतून वस्तीसाठी पाण्याची टाकी येणार होती. विमानावरच्या वेली तोडताना इयाकुलापला वैमानिकाच्या आसनाखाली हाडं दिसली.

"ताई, हाडं पुरून टाकू. गिऱ्हाइकाला नुसता पत्रा हवाय," टोकियाला म्हणाला.

"सरकारला न विचारता विकणं गुन्हा आहे, ठाऊक आहे ना?"

"सरकार कधी फिरकलंय इकडे? जमीन आपली आहे."

"जमीन आपली असेल, पण हा माणूस आपला नाही. त्याचं कुणीतरी अजून वाट बघत असेल."

त्यांच्यात जमीन आईकडून मुलीकडे जाते, म्हणून थोरल्या बहिणीचा शब्द मोडायची त्याची छाती झाली नाही. तिनेच युद्धातले अवशेष सांभाळणाऱ्या सरकारी संग्रहालयाला कळवलं. माणसं आली, हाडं पेटीत घालून घेऊन गेली आणि विमानाला हात लावायचा नाही असं बजावून गेली.

टोकियालाने बोलणं टाकलं. आपण चुकलो नाही, याची इयाकुलापला खात्री होती. तरी ओढ्यावरून पाणी वाहणाऱ्या बायकांच्या नजरेला नजर द्यायला तिला जड जायचं.