अगस्तीची नोंद

आमच्या घरात आकाश बाबा, म्हणजे माझे सासरे, बघतात आणि वही मी ठेवते. लग्नानंतर वर्षभरात ही वाटणी ठरून गेली. दिवेलागणीला बाबा गच्चीवर जायचे, ती माझी पोळ्यांची वेळ. खाली येऊन ते सांगायचे, मी हात धुऊन लिहायचे. रकाने चार: तारीख, काय, कुठे, शेरा. तारे, पाखरं, झाडांचा बहर, सगळं त्याच वहीत.

बाबा मूळचे मालवणकडचे. आधी गिरणीत, मग इथल्या अंधेरीच्या कारखान्यात नोकरी झाली, पण नक्षत्रं गावच्या शेतावर शिकलेली. अगस्तीवर त्यांचा विशेष जीव. पावसाळा सरत आला की तो पहाटे दिसू लागतो, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर संध्याकाळी, दक्षिणेला, व्याधाच्या बराच खाली.

वही जाडजूड झाली तशी मी एक सोय केली. जुन्या नोंदींवरून दर आठवड्याची यादी काढायची आणि सकाळच्या चहाला वाचून दाखवायची. या आठवड्यात काटेसावर फुलेल, सातनंतर अगस्ती बघा, वगैरे. संध्याकाळी बाबा येऊन त्यांच्या मालवणीत म्हणायचे, "दिसलो," म्हणजे दिसला. मी बरोबरची खूण करायचे. पद्धत चोख आहे असं मला वाटायचं.

मागच्या मार्चच्या सुरुवातीला गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या काढायच्या राहिल्या म्हणून मी साडेसातला वर गेले. आदल्याच दिवशी अगस्तीची नोंद झाली होती, तर म्हटलं आपणही बघून घेऊ. व्याध लगेच सापडला. त्याच्या खाली नजर नेली तर हिरवी जाळी. रस्त्यापलीकडे टॉवर उठत होता आणि आमची दक्षिण त्याने पार झाकून टाकली होती. गच्चीच्या चारही कोपऱ्यांतून पाहिलं. तिथून अगस्ती दिसणं शक्यच नव्हतं.

मिरच्या घेऊन खाली आले. बाबांना काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वही काढली आणि मागून पुढे वाचत गेले. जुन्या पानांवर शेऱ्यात अधूनमधून ‘ढग’, ‘दिसला नाही’ असं होतं. गेल्या दीड वर्षात तसं एकही नाही. माझ्या यादीत असलेलं सगळं त्यांना दिसलं होतं, नेमक्या त्याच आठवड्यात. यादीत नसलेल्या नोंदीही होत्या: कोकीळ ओरडायला लागला, सातवीण घमघमली, रातकिडे थांबले. या खऱ्या होत्या, पण सगळ्या कानाच्या नाही तर नाकाच्या. गेल्या मे महिन्यात समोरच्या गल्लीतला बहावा अख्खा पिवळा झाला होता, त्याचं एक अक्षर नाही.

म्हणजे उत्तरं मीच सकाळी सांगत होते आणि संध्याकाळी तपासत होते.

दुपारी त्यांच्यासमोर बसले. म्हटलं, बाबा, अगस्ती टॉवरच्या मागे गेलाय. त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. मग म्हणाले, "टॉवर झालो? आवाज येता, पन मी म्हटलंय लांब खंयतरी आसतलो."

किती दिसतं, ते त्यांनी मग सांगितलं. दिव्याभोवती गोल कडं, बाकी धुकं. माणूस आवाजावरून ओळखायचे. गच्चीच्या पायऱ्या मोजून ठेवल्या होत्या, छत्तीस. सांगितलं का नाही, असं विचारलं तेव्हा मात्र ते तडक बोलले.

"गच्चीची चावी कोणाकडे आसता? सोसायटीची सेक्रेटरी तू. तुका कळला असता तर माका वर सोडलं असतंस?"

"नसतं सोडलं."

"मगे?"

मी फोन उचलला. डॉक्टरांची वेळ घेतली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगलाच पिकलेला. मागचा पडदा शाबूत असेल तर नजर परत येईल, पण ते मोतीबिंदू काढल्यावरच कळणार होतं. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी बाबांनी चावी मागितली. मी दिली आणि मागोमाग गेले. ते कठड्याशी दक्षिणेकडे तोंड करून नुसते उभे राहिले. मी यादी वाचली नाही.

पहिला डोळा झाला, थेंबांचं वेळापत्रक फ्रिजवर लागलं. महिनाभराने डॉक्टरांनी बाहेर पडायला हरकत नाही म्हटलं, तेव्हा एका संध्याकाळी रिक्षाने आरे कॉलनीत गेलो. गोठ्यांच्या पलीकडे दक्षिणेला मोकळं माळरान आहे. रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं. तो म्हणाला, बिबट्या निघायच्या आत आटपा. वही पिशवीतच ठेवली.

अंधार पडला. बाबांनी आधी पश्चिमेला पाहिलं, बोट हलवत मोजलं, कृत्तिकांमधले पाच तारे सापडले म्हणाले. माझ्या चष्म्यातून तिथे नुसता पुंजका होता. मग ते दक्षिणेकडे वळले. डोळा बारीक करून, मान कलती करून बघत राहिले. मीही बघत होते. व्याध लखलखत होता, त्याच्या खाली सगळं गढूळ.

"दिसना नाय," बाबा म्हणाले. "खाली मळभ आसा."

मी रिक्षाच्या उजेडात वही उघडली. अगस्ती, आरे, दक्षिण. शेरा: दिसला नाही, मळभ. पुढे बरोबरची खूण केली. बाबांनी वही हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली आणि माझं अक्षर पूर्वीपेक्षा बिघडलंय असं सांगितलं.