टोपलीमागचा म्हातारा

सुट्टीवर आलेल्या लेकीनं आमच्या दिघोरीच्या शेताच्या बांधावर डिस्क गोल्फची, साखळ्यांची टोपली रोवली. लांबून तिच्यात तबकडी टाकायची. "बाबा, तबकडीआधी तुमचं पोटच पोचते!" ती हसायची. ती जायच्या आत मला एकदा तरी जमवायचं होतं.

टोपलीमागच्या धानात रोज एक अनोळखी म्हातारा हात मागे बांधून उभा असायचा.

"नुसत्या हातानं कायले फेकता, भाऊ? मांगच्या पायावरचं वजन समोर आणा. अन् टोपलीकडं नोका पाहू, माह्याकडं पाहा."

जमू लागलं. पण तो रोज जरा पुढे सरकायचा.

लेक निघायच्या दिवशी तिच्यासमोर टाकायला उभा राहिलो, तर तो टोपलीच्या अलीकडे, ऐन मध्ये.

"लागंल तुमाले," मी पुटपुटलो.

"फेका."

त्याच्या छातीकडे पाहून तबकडी सोडली. त्याच्या पाठीमागे साखळ्या खणखणल्या. लेकीनं टाळ्या वाजवल्या. तो जागचा हललाही नव्हता.