बहिणीचा काळा डोळा

माझ्या धाकट्या बहिणीचा एक डोळा काळा आणि एक घारा. जन्मापासून असाच. दोन्ही डोळ्यांनी तिला लख्ख दिसतं. आमच्या घरात सुईत दोरा तीच ओवते. पण चोपड्याजवळच्या आमच्या गावात तिला बघायला येणाऱ्यांना ते कसं पटावं? मागच्या उन्हाळ्यात आलेल्या एका बाईंनी चहाची बशी खाली ठेवत आईला सरळ विचारलं, "काचेचा बसवलाय का?"

बहीणच म्हणाली, "नाही हो मावशी. त्याच डोळ्यानं तुमच्या पदरावर सांडलेला चहा दिसला मला."

सगळे हसले. तिकडून पुन्हा निरोप मात्र आला नाही.

त्यानंतर तिनं मोबाईलवर ते शोधून काढलं. लेझरनं डोळ्याचा रंग बदलून देणारं एक क्लिनिक, दुसऱ्या राज्यातलं. मी धुळ्याला ज्युनियर कॉलेजात शिकवतो. तिनं मला फोन करून सांगितलं तेव्हा मी विचारलं, "म्हणजे घारा डोळा काळा करणार?"

"नाही रे भाऊ. त्यांच्या लेझरनं काळ्याचा घारा होतो, घाऱ्याचा काळा होत नाही. म्हणून काळाच घारा करायचा. दोन्ही सारखे."

ज्या डोळ्याबद्दल आजवर कुणी चकार शब्द काढला नव्हता, त्याच डोळ्यावर ही लेझर घेणार होती.

घरात मात्र कुणालाच भीती नव्हती, आणि याला कारण आमचे आबा, म्हणजे आजोबा. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. पुढं नजर परत धुरकटली, तेव्हा डॉक्टरांनी लेझरनं आतला पडदा साफ केला. आबा खुर्चीवर बसले, उठले आणि बाहेर येऊन चहा प्यायले. तेव्हापासून गावात लेझर म्हटलं की आबांना विचारायचं, अशी रीतच पडली.

"पाच मिनिटनं काम शे," आबा म्हणाले. "माले काय व्हयनं? बठ्ठं दखास." त्यांना सगळं दिसत होतं, हे खरंच होतं.

"आबा, तुमचा पडदा काढला. हिच्या चांगल्या डोळ्याला हात लावणार आहेत."

"तू पुस्तक वाचेल शे. मी लेझर करेल शे."

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, आणि तो आबांमुळे. बारावीनंतर याला शेतात ओढायचं नाही, असं वडिलांना त्यांनीच ठणकावलं होतं. त्यांच्यापुढे आवाज चढवायला जीभ रेटेना. आधी धुळ्याला डोळे तपासून घेऊ, एवढंच म्हणालो. क्लिनिकलाही तपासणीचे कागद हवे होते, म्हणून बहीण तयार झाली.

धुळ्याच्या डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. लेझरनं डोळ्यातला रंग फोडतात. त्याचे कण डोळ्यातलं पाणी बाहेर जाण्याच्या वाटेत अडकू शकतात. मग डोळ्यात दाब वाढतो, आणि त्या दाबानं नजर गेली तर ती परत आणता येत नाही. बहीण मान डोलवत होती. तिचं मन ऐकत नव्हतं, हे मला दिसत होतं.

मग आतून तपासायला डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत थेंब घातले. थोड्या वेळानं ती आरशापुढे उभी राहिली आणि ओरडलीच, "भाऊ, बघ ना! सारखे झाले!"

थेंबांनी बाहुल्या पसरल्या होत्या. घारा रंग कडेला बारीक रेघेएवढा उरला होता. दोन्ही डोळे काळेभोर. इतक्या आनंदात मी तिला कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं, आणि त्या दिवसात मला सगळ्यात जास्त भीती तेव्हाच वाटली. आता ही कुणाचं ऐकायची नाही.

बाहेर आलो तर ऊन तिच्या डोळ्यांत घुसलं. आरशापुढे काढलेला डोळ्यांचा फोटो आईला पाठवायला तिनं मोबाईल काढला, जवळ धरला, लांब धरला. अक्षरं लागेनात. रस्ता ओलांडताना तिनं माझी बाही घट्ट धरली.

"भाऊ, हे उतरेल ना?"

"उतरेल. संध्याकाळपर्यंत."

"नक्की ना?"

बस स्टँडवर ती बाकावर टेकली. मग मोबाईल माझ्या हातात देऊन म्हणाली, "क्लिनिकचा नंबर लावून दे. मला दिसत नाही."

मी लावला, स्पीकरवर ठेवला. तिनं विचारलं, "मॅडम, केल्यावर नकोसं वाटलं तर परत पहिल्यासारखं होतं का?"

"नाही मॅडम, कायमचं असतं. तीच तर आमची खासियत."

"आणि नजर अंधूक झाली तर?"

"तसं सहसा होत नाही."

"सहसा म्हणजे?"

"ते डॉक्टर सांगतील. तारीख पक्की करू ना?"

मी काही बोललो असतो तर ती हट्टाला पेटली असती.

"आत्ता नको," ती म्हणाली.

घरी आबांना तिनंच सांगितलं, "आबा, तुमले दखाये नही म्हनीसन तुम्ही करं. माले तं दखास." आबा म्हणाले, "हाऊ, ते बी खरं शे."

पण ती 'आत्ता नको' म्हणाली होती, 'नको' नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा कुणी बघायला येणार आहे. क्लिनिकचे मेसेज अजून येतात. धुळ्याहून फोन केला की मी आधी तिला विचारतो, कुठे आहेस? 'घरीच' म्हणते. मग मी खात्रीसाठी फोन आईला द्यायला सांगतो.